निकेतचं मशीन गप्प होतं तेव्हा

त्या दिवशी काम साधंच होतं. माझा मुलगा गुणवंत ऑफिसला निघताना बूट घालत म्हणाला, "आई, दुपारी खालच्या दुकानातला दिपेश येईल. निकेतचं मशीन त्याला देऊन टाक. ममता नको म्हणेल, ऐकू नकोस."

निकेत माझा नातू, गुणवंत आणि ममताचा एकुलता एक. डेंग्यू झाला आणि हॉस्पिटलातून तो घरी आलाच नाही. शांती नगरच्या या घरात आतली खोली त्याची, तिथे त्याचा कम्प्युटर तेव्हापासून चालूच होता. जिवंत असताना त्यानं तो शास्त्रज्ञांच्या कामाला लावला होता. मी शाळेची पायरी चढले नाही, पण त्यानं समजावलेलं सगळं लक्षात आहे. औषधं शोधायची तर डोंगराएवढी गणितं करावी लागतात, ती हे लोक जगभर घराघरांत थोडी थोडी वाटून देतात. फुकट, ज्याची इच्छा असेल त्यानं करायचं. आपण वापरत नसलो की मशीन त्यांचं काम करतं, आतला पंखा घुमायला लागतो. आपण येऊन बसलो, हात लावला, की बिचारं गप्प होतं, आपण उठेपर्यंत.

तर निकेत गेल्यावर ते दुपारचं गप्प व्हायला लागलं. खोलीत कोणी नसताना. आम्ही दोघी बाहेर भांडी आवरतोय, आत घुमतंय, आणि मध्येच आवाज बसायचा. बऱ्याच वेळानं पुन्हा सुरू. गुणवंत म्हणायचा, वायरिंगचा लोचा आहे. ममता म्हणायची, निकेत येऊन बसतो. तिनं जेवण टाकलं होतं, सारखी त्या आवाजाला कान लावून असायची. बायको हातची जाईल म्हणून तर गुणवंत मशीन काढायला निघाला होता.

मला काही कळेना. पोरगं खरंच तिथे अडकलं असेल, तर त्याला असं उठवून लावायचं कसं?

आमच्या रत्नागिरीकडे माणूस जिथे जातो तिथे पीठ पसरतात, वर दिवा ठेवून टोपली झाकतात. नंतर पिठात काय उमटलं ते बघतात. निकेत हॉस्पिटलात गेला, त्यामुळे घरात कोणी पीठ पसरलं नव्हतं. ते राहिलेलं मी त्या दुपारी केलं. खुर्चीच्या चारी बाजूंनी तांदळाचं पीठ हातानं सारखं केलं. खोलीत तापलेल्या धुळीचा वास होता. दार ओढून घेतलं आणि हॉलमध्ये ममताच्या शेजारी मेथी निवडत बसले. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. तिला काही बोलले नाही.

शेजारच्यांचा टीव्ही बंद झाला. खाली भंगारवाला ओरडत लांब गेला. मग आतला आवाज बसला.

"थांबलं, आई…" ममता हळूच म्हणाली.

मी तिच्याकडे बघितलं. मेथीची काडी बोटांत तशीच राहिली होती. पापणी हलत नव्हती. मी हात धरला तर थंडगार. इतके दिवस मी आतल्या आवाजाकडे लक्ष दिलं, शेजारी कोण कसं बसलंय ते बघितलंच नाही.

उठून दार लोटलं. मशीनचा पडदा उजळलेला होता. खुर्चीत कोणी नव्हतं. पीठ जसं पसरलं तसंच, मुंगीचासुद्धा माग नाही. म्हटलं, सुटलो. वायरिंगच असेल.

तेवढ्यात बेल वाजली. ममता उठली, दाराकडे चालत गेली. तिच्या मागे फरशीवर पांढरी पावलं उमटत गेली. एकेक स्पष्ट. घोट्यापर्यंत पाय पिठानं माखलेले.

बेल वाजेपर्यंत ती माझ्या शेजारून हललीही नव्हती.

तिनं कडी काढली. बाहेर दिपेश. ती त्याच्या समोर उभी, आणि तो तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघतोय.

"आजी, दरवाजा असा खुल्ला ठेवू नका, आपोआप उघडला. काकी कुठे गेल्या?"

ममता माझ्याकडे वळून बघत राहिली. आत मशीन गप्पच होतं. मला तेव्हा एवढंच सुचलं, की तिथे बसलेलं जे कोणी आहे त्याच्यासकट मशीन खाली गेलं, तर ममता परत कशी येईल? मी दिपेशला म्हटलं, "नको नेऊ. राहू दे."

तो मान हलवत गेला.

संध्याकाळी पंखा पुन्हा घुमायला लागला. ममताच्या हाताला ऊब आली, तिनं दोन घास खाल्ले. म्हटलं, जमलं. आता रोज दुपारी मी तिचा हात घट्ट धरून बसते. हल्ली आवाज लवकर बसतो आणि उशिरा सुरू होतो.

काल रात्री जेवायच्या वेळी गुणवंतानं ताटं काढली. एक माझं, एक त्याचं. ममता वाढायला डाव घेऊन त्याच्या शेजारी उभी होती. मी विचारलं, "अरे, तिसरं?"

त्यानं पाण्याचे पेले मांडले, तेही दोनच. मग म्हणाला, "कोणी येणार आहे का, आई?"