तक्त्यातले दहा

मुळशी धरणाच्या कडेनं जाता जाता जुईलीनं एका वळणावर स्कूटी थांबवली, कारण फोनमधला नकाशा तिला सरळ पाण्यात जायला सांगत होता. समोर एक तरुण मोटारसायकलशी झटापट करत उभा होता. मागच्या सीटवर काहीतरी मोठं, चौकोनी, चारही पाय वर केलेलं... आणि ते त्यानं घरच्या गोधडीनं असं काही झाकलं होतं, की जाणारा-येणारा हमखास वळून बघत होता.

"ऐका ना, सारजाबाई ढमाल्यांचं घर कुठं आलं?"

तो दचकला. गोधडी सरकली. खालून कमोडची खुर्ची डोकावली.

"तिकडंच चाललोय. म्हणजे, मी त्यांचा मुलगा. शेखर. आणि हे... हे जरा सामान आहे."

"कमोडची खुर्ची आहे," जुईली म्हणाली. "मी फिजिओथेरपिस्ट, भूगावच्या सेंटरची. रोज बघते हो. लाजताय काय?"

"गावात लोक विचारतात, मॅडम. आईनं बजावलंय, कुणाला दिसता कामा नये म्हणून."

"मग निदान सुलटी तरी बांधा. पुढच्या खड्ड्याला भांडं पडेल."

पुढच्या खड्ड्यापर्यंत कशाला जायला हवं होतं? भांडं तिथंच पडलं, खणखणत उतारावरून घरंगळलं आणि तिच्या स्कूटीच्या चाकाला येऊन टेकलं. शेखरचे कान असे लालबुंद झाले, की जुईलीला आधी त्या कानांचीच दया आली. प्रेम माणसात कुठून शिरेल, काही नेम नसतो बघा.

सारजाबाई बासष्ट वर्षांच्या. उजवा गुडघा चार वर्षं ठणकत होता. पण भात कापून, झोडून, कणगीत पडल्याशिवाय ऑपरेशनचं नाव काढायचं नाही, असा त्यांचा हुकूम होता. तेव्हा नोव्हेंबर सरता सरता नवा गुडघा बसला आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार जुईलीची फेरी सुरू झाली. सहा आठवडे. त्यापुढं सेंटर कुणाला इतक्या लांब पाठवत नसे. एका पेशंटसाठी जाऊन-येऊन दोन तास कोण घालवणार?

खाटेवर गुळगुळीत फळी, फळीवर टाल्कम पावडर, त्यावरून टाच मागं ओढत गुडघा वाकवायचा. दहा वेळा. मग विश्रांती, मग बर्फ. दिवसातून तीनदा, बस. भिंतीवर एक तक्ता लावलेला. जुईली आली की त्यात लिहायची: किती वेळा केलं, किती अंश वाकला, सूज आहे का.

"दहाच?" सारजाबाई फिस्कारल्या. "दहात काय व्हतंय, बाई? आमी सकाळधरनं सांजपातूर भात लावतो, तवा कुटं एक खाचर व्हतंय."

"मावशी, गुडघा नवा आहे. त्याला तुमची सवय नाही अजून. थोडं करायचं, थांबायचं, मग परत थोडं."

"हे म्हंजी लहान पोराला भरवल्यावानी झालं."

"अगदी तसंच."

शेखर दारात उभा राहून हसायचा. जवळच्या एका रिसॉर्टची बाग तो सांभाळायचा आणि घरची भातशेतीही. जुईली यायच्या वेळेला त्याचं बागेतलं काम हटकून संपलेलं असे, हे सारजाबाईंच्या लक्षात यायला एक आठवडा लागला, जुईलीच्या लक्षात यायला एक दिवस. ती परभणीकडची, भूगावात दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहणारी. चहा प्यायला थांबायची नाही कुणाकडे. इथं मात्र दुसऱ्या आठवड्यापासून थांबू लागली.

"मॅडम, साखर किती?"

"परवा सांगितलं की."

"परवाची परवा. माणसाचं मन बदलतं."

"माझं नाही बदलत लवकर."

"हे मात्र लिहून ठेवायला पाहिजे," तो म्हणाला आणि चहा उतू गेला.

तिसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. सारजाबाईंची टाच फळीवर मागं-पुढं होत होती, जुईली मोजत होती आणि शेखर उंबऱ्यावर बसून सांगत होता, की उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली गेलं की जुन्या गावाची जोती कशी वर येतात, आणि लहानपणी आजोबा त्याला आपलं स्वैपाकघर कुठं होतं ते कसं दाखवायचे. "तिथं, चुलीच्या जागेवर मी उभा राहायचो... आणि मला, खरं सांगतो, भाकरीचा वास यायचा." बोलता बोलता तो बाहेर धरणाकडं बघू लागला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

"बाई," सारजाबाई धापा टाकत म्हणाल्या, "अजून करू का?"

जुईली भानावर आली. सातपर्यंत मोजल्याचं आठवत होतं. पुढं? पंधरा? तीस? गुडघ्याला हात लावला तर तो जास्तच गरम लागला... तिनं घाईघाईनं बर्फ ठेवला. मग भिंतीपाशी जाऊन तक्त्यात लिहिलं: दहा.

एक शब्द. पण घरी जाईपर्यंत तो तिच्या मानेवर बसून होता.

शनिवारी संध्याकाळी शेखरचा फोन आला. गुडघा टम्म सुजला होता. पंच्याण्णव अंश वाकायचा, तो ऐंशीवर अडला होता. मोठ्या डॉक्टरांकडे नेऊन आणलं होतं. जंतू नाहीत, रक्ताची गाठ नाही, पण ताण फार झालाय, असं ते म्हणाले. आठ दिवस व्यायाम बंद. असंच चाललं तर गुडघा आखडून बसेल, मग पुन्हा भूल देऊन वाकवावा लागेल.

"त्यांनी विचारलं, व्यायाम कोण करून घेतं," शेखर म्हणाला. "तुमच्यावरच घसरत होते, मॅडम. मग मी फोनमधला तक्त्याचा फोटोच दाखवला. म्हटलं, बघा, आमच्या मॅडम दहाच्या वर एक जाऊ देत नाहीत."

जुईलीनं कसंबसं 'बरं' म्हणून फोन ठेवला. कुणी रागावलं असतं तर सोसलं असतं. पण हा तिच्या खोट्याची ढाल करून तिच्यासाठी भांडून आला होता!

रात्रभर तिला स्वतःचं तोंड आरशात बघवेना. रविवारी सकाळी ती निघाली. सांगायचं. त्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं. मग तो काय म्हणेल ते म्हणो.

अंगणात पोचली तर पडवीत ही गर्दी! पाच-सहा बायका, पुढ्यात बिस्किटांचे पुडे, शहाळी. मधे खाटेवर सारजाबाई, पाय फळीवर.

"वाकतूय व्हय? दाखवा की!" एक म्हातारी म्हणाली. ती शेजारच्या पिंकीची आजी. तिचेही दोन्ही गुडघे गेलेले.

"बगा," म्हणून सारजाबाईंनी दात-ओठ खात टाच ओढली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा, मागं बसलेलीला दिसलं नव्हतं म्हणून.

आणि शेखर कडेला उभा राहून एखाद्या दुकानदाराच्या थाटात सांगत होता, "काकू, तिसरा आठवडा आहे फक्त. भूगावच्या मॅडम आहेत, हात असा हलका! तुम्हीपण आता ऑपरेशनला घाबरू नका."

"मावशी!" जुईली ओरडली. "व्यायाम बंद सांगितलाय ना?"

"बंदच हाय की," सारजाबाई निरागसपणे म्हणाल्या. "ह्यो कुटं व्यायाम हाय? ह्यो तर मी दाखवतीया."

जुईली पायरीवर बसली. "रोज दाखवता? किती जणींना?"

शेखर बोटं मोजू लागला. "काल नऊ. परवा बाजार होता, म्हणजे... चौदा." मोजता मोजता त्याचा चेहरा उतरला. "प्रत्येकीला तीन-तीनदा... अरे देवा."

"देवाला कशाला बोलावता! गावात जाहिरात करायला तुमच्या आईचा पाय सापडला का तुम्हाला?" ती ताडताड बोलत सुटली. "कशासाठी केलंत हे?"

शेखर मान खाली घालून उभा. कान पुन्हा लाल. उत्तर दिलं सारजाबाईंनी.

"मीबी व्हय म्हनले म्हनून, त्याला एकट्याला बोलू नगं. सा आठवडं झालं की तुजं येनं बंद. ह्यो म्हनला, गावात आनखी दोन-चार गुडघं तयार झालं, तर बाई येत ऱ्हातील."

पडवीत खसखस पिकली. पिंकीच्या आजीनं पदर तोंडाला लावला. शेखर म्हणाला, "चूक माझी आहे, मॅडम. सगळी माझी. डॉक्टरांना मी सांगतो. तुमच्यावर काही येऊ देणार नाही."

आणि जुईलीच्या मनात काय आलं माहीत आहे? सुटले! चौदा बायकांपुढं तिचा एक शुक्रवार काय, कुणी विचारणार नव्हतं. दोष घ्यायला माणूस हात जोडून समोर उभा होता. गप्प बसायचं, एवढंच करायचं होतं. त्या एका क्षणाची तिला जितकी लाज वाटली तितकी त्या खोट्या आकड्याचीही वाटली नव्हती.

"नाही," ती उभी राहिली. "सगळी तुमची नाही. शुक्रवारी मी मोजायचं विसरले. दहा नव्हते ते. किती झाले मलाच माहीत नाही. आणि तक्त्यात मी दहा लिहिलं. खोटं लिहिलं."

बिस्किटाचा पुडा फोडत होती ती बाईसुद्धा थांबली.

"तू? आन् इसरलीस?" सारजाबाईंनी विचारलं. "का गं?"

सगळ्या पडवीचे डोळे जुईलीवर.

"शेखर... बोलत होते ना."

आधी कुणालाच कळलं नाही. मग पिंकीच्या आजीला कळलं, आणि मग जो हशा उसळला, तो थेट रस्त्यापर्यंत गेला असणार. शेखर मात्र हसला नाही. "मी डॉक्टरांना तो तक्ता दाखवला होता," एवढंच पुटपुटला आणि गोठ्याकडे निघून गेला.

जुईली तशीच परतली. सोमवारी सेंटरचे प्रमुख दयानंद सर यांच्यापुढं उभी राहून तिनं सगळं सांगितलं. का विसरले, तेही. सरांनी चष्मा पुसून परत लावला. मग म्हणाले, "चूक सगळ्यांकडून होते. तक्ता खोटा लिहायचा नसतो." ढमाल्यांकडे आता सेंटरचा दुसरा फिजिओ, निषाद, जाईल, असं ठरलं.

निषाद येऊन सांगायचा. सूज उतरली. नव्वद. शंभर. आता पाहुण्यांना म्हणे गुडघ्याऐवजी गोठ्यातली कालवड दाखवतात. शेखरचं मात्र तो काही सांगायचा नाही आणि ती विचारायची नाही. फोन तिनं चारदा हातात घेतला, चारदा ठेवला. काय बोलायचं? ज्यानं आपल्यासाठी खरेपणाची साक्ष दिली, त्याला आपण खोटं पाडलं...

सहा आठवडे पुरे झाले आणि फोन आला तो सारजाबाईंचा.

"आजपासनं सडकंपातूर चालायला परवानगी हाय. निषाद पोरगा चांगला हाय, पन त्याला माजी भाषा कळत न्हाई. रविवारी ये. कामाची पिशवी-बिशवी आनू नगंस."

ती गेली. अंगणात सारजाबाई काठी घेऊन उभ्या, नवी नऊवारी नेसून. शेजारी शेखर. दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनीही लगेच कालवडीकडे.

तिघं निघाले. दोन्हीकडं कापलेल्या भाताची खाचरं, पलीकडं धरणाचं पाणी. दहा-पंधरा पावलं झाली असतील, तोच सारजाबाई थबकल्या.

"तुमी व्हा म्होरं. मला बिगीबिगी चालायला बंदी हाय."

"मावशी, आम्ही सावकाश चालतो की."

"त्येवढं सावकाश तुमाला जमायचं न्हाई. जावा."

दोघं पुढं निघाले.

"मी डॉक्टरांना फोन केला होता," शेखर म्हणाला. "त्याच सोमवारी. तुमचंही सांगितलं, आमच्या चौदा जणींचंही."

"काय म्हणाले?"

"आधी खूप चिडले. मग हसले."

"आणि तुम्ही? तुम्ही तर निघूनच गेलात. खूप राग आला ना माझा?"

"राग?" तो थांबला. "मॅडम, राग नाही हो... लाज. आईचा पाय भोपळ्याएवढा सुजलेला, तुम्ही रडवेल्या झालेल्या, आणि माझ्या डोक्यात एकच, की ह्या मोजायचं विसरल्या, माझ्यामुळं विसरल्या! गोठ्यात जाऊन मी हसत होतो. एकटा. कालवडीला सांगितलं मी. असला मुलगा असतो का कुणाचा? पुढं तुम्हाला तोंड कुठल्या तोंडानं दाखवणार होतो?"

जुईलीला हसू आलं, आणि त्याच्या आतून थोडं रडूही. तीन आठवड्यांपासून मानेवर बसलेलं काहीतरी अलगद उतरून खाचरात गेलं.

"मॅडम म्हणू नका आता. पेशंट निषादची आहे."

"मग... जुईली?" त्यानं नाव असं उच्चारलं, जसं भरलेलं भांडं उचलावं. "दर रविवारी याल?"

"एकदम दर रविवारी नाही."

"मग?"

"आधी पुढचा एक. त्रास नाही झाला तर त्याच्या पुढचा."

"आणि त्रास झाला तर?"

"तर थांबायचं थोडं," ती म्हणाली, "आणि परत सुरू करायचं."

त्यानं हात पुढं केला. तिनं घाबरत मागं वळून बघितलं.

सारजाबाई मघाच्याच जागी होत्या. कमरेवर एक हात, काठीवर दुसरा, आणि पाठ ह्या दोघांकडे. जन्मभर ज्याच्या काठी राहिल्या, ते धरण आज पहिल्यांदाच दिसल्यासारखं अगदी निरखून बघत उभ्या होत्या.