ज्याला सगळंच आवडायचं

"पाटी तिरकी लागलीय," मी खालून म्हणाले.

"सरळ आहे," शिडीवरून उत्तर आलं.

"डावीकडून खाली गेलीय."

"अहो, मी तसबिरींना चौकटी बसवतो. सरळ रेषेवर माझं पोट चालतं. सरळ आहे म्हणजे सरळ आहे."

खरं तर मला काय पडलं होतं? सकाळची भुरभुर नुकतीच थांबली होती, हातातली छत्री निथळत होती आणि दुकान उघडायला उशीर होत होता. पण कित्येक महिने बंद असलेला समोरचा गाळा एकदाचा उघडला होता, आणि ती तिरकी पाटी आता रोज माझ्या डोळ्यांसमोर राहणार होती.

"एक करता?" मी म्हटलं. "रस्त्यापलीकडच्या त्या दुकानाची पाटी वाचून दाखवा."

त्यानं शिडीवरूनच मान वळवली. डोळे बारीक केले. कपाळाला आठ्या घातल्या.

"चप्पल... चपलांचं दुकान आहे."

"चष्म्याचं आहे," मी म्हणाले. "माझ्या मामाचं. डोळे तपासायचं काम मी करते. या सवडीनं."

तो इतका मोठ्यानं हसला, की शिडी हलली आणि मलाच ती धरावी लागली.

दुपारी तो आला. मी त्याला आतल्या अंधाऱ्या खोलीत बसवलं, डोळ्यांपुढे एकामागून एक भिंगं धरली.

"हे बरं की हे?"

"दोन्ही छान आहेत."

"असं नाही चालत. एक सांगा."

"पण पहिल्यातून अक्षरं गोड दिसतात आणि दुसऱ्यातून जरा रुबाबदार... तुम्हीच ठरवा ना."

आजवर इतकं वैतागून आणि इतकं हसून मी कुणाचे डोळे तपासले नव्हते.

चष्मा तयार झाला त्या दिवशी तो लगेच घालून दारात उभा राहिला आणि समोरच्या झाडाकडे बघतच राहिला. "वा!" तो म्हणाला. "याची पानं सुटी सुटी आहेत की!" मग विजेच्या तारेवर लोंबणारे थेंब दिसले. वा! मग मामाकडे वळून, "मामा, तुमच्या डोक्यावर अजून थोडे केस आहेत, अभिनंदन!"

मामा खूश. त्याला असं कुणी म्हणून कित्येक वर्षं झाली होती.

मग तो माझ्याकडे वळला. चष्मा नाकावर नीट बसवला.

"तुमच्या डाव्या भुवईत... एक बारीकशी खूण आहे."

"लहानपणी झोक्यावरून पडले होते."

"वा," तो म्हणाला. अगदी हळू.

हा 'वा' आधीच्या दोन्हींपेक्षा वेगळा होता, अशी माझी खात्री पटली. ती खात्री तो दारातून बाहेर पडेपर्यंतच टिकली. कारण शेजारची फुलवाली दोन्ही हातांत फुलांच्या बादल्या घेऊन समोरून चालली होती, आणि हा पठ्ठ्या नवा चष्मा सावरत तिच्याकडे धावला. "वा! गुलाबांच्या पाकळ्यांना कडा असतात!"

गुलाबांना कडा असतात. मला फक्त खूण होती.

त्यानंतर तो रोज यायला लागला. कधी स्क्रू सैल झाला म्हणून, कधी नुसताच. मामीनं त्याचं नाव ठेवलं 'वाहवा'. "आले गं तुझे वाहवा," ती गल्ल्यामागून म्हणायची, आणि मी उगाच एखादं भिंग पुसायला घ्यायचे.

त्याला आनंद व्हायला काही लागायचंच नाही. नव्या काचेवरचा पातळ कागद एका दमात निघाला की आनंद. संत्र्याची साल न तुटता सोलता आली की आनंद. उन्हात वाळलेला टॉवेल, कोऱ्या पेन्सिलीचं टोक, चहाचा पहिला घोट... आणि हे सगळं तो असं सांगायचा, की ऐकणाऱ्यालाही वाटावं, आपण एवढी वर्षं चहा प्यायलो ते नुसतंच!

मला ते आवडायचं. फार आवडायचं. तिथंच तर घोळ होता.

एकदा त्यानं सोललेलं अर्धं संत्रं माझ्यापुढे ठेवलं. "बघा तर, मध आहे मध!" मी एकेक फोड पुरवून खाल्ली. हात धुवायलाही जिवावर आलं. अन् काचेतून बघते तर काय, उरलेलं अर्धं फुलवालीच्या हातात! तीही खात होती, तीही हसत होती. लांब मानेची, गमबूट घालून पाण्यातून फताफत चालणारी, हसली की सगळा रस्ता वळून बघेल अशी ती. आणि तिच्या अंगाला कायम फुलांचा वास. माझ्या अंगाला कसला, तर चष्मे पुसायच्या पाण्याचा.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. बरं, फुलवालीवर तरी धड जळावं! तर त्याला आवडणाऱ्यांची तिच्यामागे रांगच होती. कुरकुरीत पाव भाजणारा बेकरीवाला, कठड्यावर उन्हात पसरणारी मांजर, आमची मामीसुद्धा. "मामी, तुमच्या बांगड्या वाजल्या की दुकान जागं होतं," असं म्हणाला आणि मामी दिवसभर कारण नसताना हात हलवत राहिली. मी माणसावर जळत होते, मांजरीवर जळत होते, पावावर जळत होते. पावावर! आरशात स्वतःचं तोंड बघायची सोय राहिली नव्हती.

एका दुपारी मी विचारलंच.

"तुम्हाला न आवडणारं असं काही आहे का हो जगात?"

त्यानं मनापासून विचार केला. हनुवटी खाजवली. "नाही बुवा... आठवत नाही."

"मग आवडण्याला अर्थ काय राहिला?"

"म्हणजे?"

"काही नाही. चष्मा द्या इकडे, काच मळलीय."

मी ती इतक्या जोरात पुसली, की त्यानं घाबरून हात पुढे केला.

अशातच मामीच्या मैत्रिणीचा मुलगा आमच्याकडे चहाला आला. दातांचा डॉक्टर. कपडे नीटनेटके, बोलणं मोजकं. दुकान बघायला आला तेव्हा बोलता बोलता त्यानं काउंटरवरच्या चष्म्यांच्या काड्या एका ओळीत लावून ठेवल्या. चहा अर्धाच प्यायला.

"आवडला नाही का?" मी विचारलं.

"मला फार कमी गोष्टी आवडतात," तो म्हणाला, आणि थांबून, जरासं लाजून पुढे म्हणाला, "पण आज इथं यायला आवडलं."

काय सांगू, किती बरं वाटलं! मोजक्या गोष्टींत माझा नंबर लागला होता. इथं ना गुलाब होते, ना मांजर, ना पाव. माणूस चांगला होता, हेही खरं. मामीनं रात्रीच्या जेवणात विषय काढला. "घाई नाही. रविवारपर्यंत विचार कर."

मी दुसऱ्या दिवशी रस्ता ओलांडून तडक समोर गेले. का गेले ते मला चांगलं ठाऊक होतं. त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता.

तो चौकटीच्या कडेला पॉलिशपेपर मारत होता. लाकडाचा भुसा त्याच्या केसांत, चष्म्यावर, सगळीकडे. खोलीभर ओल्या सरसाचा आणि लाकडाचा वास.

"मामीनं माझ्यासाठी एक मुलगा बघितलाय," मी म्हणाले. "दातांचे डॉक्टर आहेत. काल दुकानात आले होते. रविवारी काय ते कळवायचंय."

पॉलिशपेपर थांबला.

"उंच? निळा शर्ट?"

"हो."

"वा," तो म्हणाला. "छान."

आणि पुन्हा घासायला लागला.

बस्स. मिळालं मला उत्तर. गुलाबांना वा, पावाला वा, आणि माझ्या लग्नालाही वा! मी परत येऊन मागच्या खोलीत बसले आणि एकच भिंग इतका वेळ पुसत राहिले, की मामा आत डोकावून म्हणाला, "अगं, झिजेल ते."

त्यानंतर तो आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. समोरून काच फुटल्याचा आवाज यायचा, मग केरसुणीचा. मामीनं दोनदा विचारलं, "वाहवा आजारी आहेत का गं?" मी म्हटलं, मला काय माहीत.

शनिवारी सकाळी आमचं दार धाडकन उघडलं. फुलवाली! गमबुटांचे ओले ठसे उमटवत ती सरळ माझ्या काउंटरशी आली.

"अगं, त्या माणसाला आवर जरा."

"कुणाला?"

"तुझ्या वाहवाला, आणखी कुणाला? काल मी म्हटलं, ताजे गुलाब आलेत, बघ तरी. तर म्हणतो कसा, फुलंच आहेत शेवटी! फुलंच! मग मांजरीला हाकललं. बेकरीवाल्याला सांगितलं, पाव वातड झालाय. बोट कापून घेतलंय ते वेगळंच."

"मग... तू समजाव ना. तुमचं चांगलं जमतं."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग कपाळावर हात मारून घेतला.

"देवा! तू माझ्यावर जळत होतीस की काय? तो माझ्याकडे येऊन काय बोलतो माहितेय? 'आज तिनं हिरवा स्कार्फ बांधलाय, बघितलास? आज ती शिंकली, मांजरीसारखी शिंकते.' माझ्या गुलाबांकडे बघत तुझ्या शिंकांचं कौतुक! कान किटले माझे. जा बाई, आणि काय ते एकदाचं निस्तर."

लाज वाटायला हवी होती. एक माणूस बोट कापून घेऊन दुःखात बसला होता, आणि माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मी हातातलं काम तिथंच टाकलं.

तो स्टुलावर बसला होता. बोटाला जाडजूड पट्टी. समोर चहा निवून साय धरलेला.

"काय झालंय तुम्हाला?" मी विचारलं.

"काही नाही."

"पाव वातड होता म्हणे."

"होताच."

"आणि मांजर?"

"तिची चूक नव्हती." तो खाली बघत म्हणाला. मग एकदम मान वर केली. "त्या डॉक्टरचे दात फार सरळ आहेत. माणसाचे इतके सरळ नसतात दात. मला तर संशयच येतो."

मी ओठ चावून हसू दाबलं. "ते चांगले आहेत."

"असतील. मला नाही आवडत."

"भेटलात का कधी?"

"नाही. भेटायचंही नाही. भेटलो आणि आवडला तर पंचाईत!"

आता मला हसू आवरेना. पण त्याचा चेहरा बघून ते गळ्यातच विरलं. तो पट्टीचं टोक उलगडत, गुंडाळत बसला होता.

"माझी आई खूप वर्षं अंथरुणाला खिळून होती," तो म्हणाला. "खिडकीसुद्धा भिंतीकडे उघडायची. मग मी शाळेतून येताना काहीतरी गोळा करून आणायचो. आज रस्त्यात हे दिसलं, आज त्याचा असा वास आला. ती म्हणायची, सांग, नीट सांग. मी सांगितलं की ती हसायची. ती गेल्यावर सांगायला कुणी उरलं नाही... पण सवय जाईना. म्हणून जो समोर येईल त्याला सांगत सुटतो. बेकरीवाला, फुलवाली, मामी."

"आणि मी," मी म्हटलं. इतके दिवस मनात सलत होतं ते बाहेर पडलं. "मीही त्यातलीच एक. मला वाटायचं... गुलाब, पाव, मांजर आणि मी. मी जळायचे. सगळ्यांवर."

"पावावर?"

"पावावर."

त्याच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "तुमचं तसं नाही हो. संत्रं गोड लागलं की मला आधी वाटतं, हिला सांगायला हवं. फुलवालीला सांगतो ते तुमचं गिऱ्हाईक जाईपर्यंत दम निघत नाही म्हणून. या आठवड्यात सगळं होतं तसंच होतं. गुलाब होते, ऊन होतं... पण रविवारनंतर तुम्ही ऐकायला नसणार, असं मनात आलं आणि सगळं फिकं पडलं. तुम्ही त्या गोष्टींतल्या एक नाही. त्या ज्या माणसाला सांगायच्या, ते माणूस तुम्ही आहात."

बाहेर एक सायकल घंटी वाजवत गेली. मग मी दुसरं स्टूल ओढलं आणि त्याच्याशेजारी बसले, अगदी खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

"मग त्या दिवशी 'वा, छान' कशाला म्हणालास?"

मी त्याला 'तू' म्हटलं होतं. दोघांच्याही ते एकदमच लक्षात आलं.

"तोंडातून निघून गेलं," तो पुटपुटला. "सवयीनं. नंतर स्वतःलाच थोबाडीत मारावीशी वाटली... तू जाशील?"

"मला जायचं असतं तर इथं आले असते का रे?"

त्यानं न कापलेल्या हातानं माझा हात धरला. लाकडाच्या भुशानं खरखरीत झालेला, उबदार हात.

पलीकडून मामीची हाक आली. "अगं, गिऱ्हाईक खोळंबलंय! आणि उद्या त्या डॉक्टरांना काय कळवायचं?"

"मी स्वतः सांगेन त्यांना, नीट!" मी ओरडून उत्तर दिलं. "आणि मामी, मला वेळ लागेल!"

मामी पलीकडच्या दारात आली, आमच्याकडे बघितलं, हात कमरेवर ठेवले... आणि बांगड्या वाजवत आत निघून गेली. तिनं मामाला हाक मारल्याचं ऐकू आलं, मग त्याचं हसणं.

मी त्याच्याकडे वळले. "सांग आता. या आठवड्यात राहिलेलं सगळं सांग."

"सगळं?"

"नीट सांग."

त्यानं चष्मा काढला, माझ्या ओढणीच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला आणि सांगायला लागला. बुधवारी काच कापताना तिच्यातून इंद्रधनुष्य पडलं होतं, थेट छतावर. गुरुवारी एका आजोबांनी लग्नातला फोटो चौकटीला आणला आणि बायकोला विचारलं, तू हीच का गं? शुक्रवारी मी दारात उभी राहून केस बांधत होते, तेव्हा हेअरपिन दातांत धरली होती... तेही त्यात होतं. मध्येच एक गुलाबांचंही आलं. तेवढं मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि तो पुढे सांगत राहिला.