सुलटी ताटं

दारव्ह्याच्या जुन्या कॉलेजात शिकलेला माणूस तहसीलदार होवो की पानठेलेवाला, जमनीबाईच्या भाकरीचं नाव काढलं की तो हळवा व्हायचा. एकतीस वर्षं तिनं वसतिगृहाची मेस सांभाळली. मेसचा कायदा एकच. फळीवर प्रत्येकाचं नंबर घातलेलं ताट. जेवायचं असेल त्यानं सकाळी ते सुलटं ठेवायचं, गावी निघाला तर पालथं. बाई सुलटी ताटं मोजून पीठ मळायची.

यंदा पोरंच आली नाहीत. एकटा ऋतिक होता, तोही दिवाळीला गेला, आणि संस्थेनं मेस कायमची बंद केली. दुपारी जमनीबाईनं चाळीसही ताटं घासून पालथी घातली. संध्याकाळी तिचा मुलगा भारत लोहाऱ्याहून तिला न्यायला येणार होता. त्याच्या घरी काही कमी नव्हतं. सून कामाला हात लावू देत नसे, तेच दुखणं होतं. भाकरी मागणारं कुणी नसेल तर सकाळी उठायचं तरी कशाला, हे तिला उमगत नव्हतं.

पाचच्या सुमारास ती बोचकं बांधून आली, तर अकरा नंबरचं ताट सुलटं होतं.

ते अमरचं. बारा वर्षांमागं तो तापानं फणफणत तांड्यावर गेला, आणि चौथ्या दिवशी त्याचा बाप एकटाच पेटी न्यायला आला. तेव्हापासून ते ताट तिनं कुणाला दिलं नव्हतं. मांजर असेल म्हणत तिनं ते पालथं घातलं. पाठ वळते न वळते तोच स्टीलचा बारीक आवाज झाला. पुन्हा अकरा. मग चार. मग सव्वीस.

मेसमध्ये चिटपाखरू नव्हतं. ओल्या राखेचा वास होता, आणि ओळीत ताटकळलेली पोरं करतात तशी पायांची चुळबूळ.

"कोन हाये...?"

चुळबूळ थांबली.

"भूक लागली काय रे, बापू...?"

एकामागून एक सगळी ताटं सुलटी झाली.

जमनीबाई घाबरली. पण खरं सांगायचं तर त्या भीतीच्या पोटात आनंद होता. तिनं चूल पेटवली, डब्याच्या तळाचं ज्वारीचं पीठ परातीत झाडून घेतलं. भाकऱ्या दहाच झाल्या. चतकोर चतकोर वाढून तिनं पंगत मांडली.

"एवढंच हाये आज. पन उपाशी कोनाले ठेवलं नाही मी."

बाहेर मोटरसायकल थांबली. भारत दारातच अडखळला. आईला तो बंजारा बोलीत याडी म्हणायचा.

"याडी... हे कोनासाठी वाढलं?"

"थांब जरासा. पोरं जेवून राह्यले."

"याडी, इथं कोनी नाही. चाल, अंधार पडून राह्यला."

कुणी नाही, हे तिलाही दिसत होतं. आईचं डोकं चळलंय असं वाटून त्याला रडू येत होतं. त्यानं तिचा हात धरला आणि तीही निघाली.

पंगतीच्या टोकाला, दाराजवळ, एक ताट जास्तीचं होतं. त्याच्यावर नंबर नव्हता. त्यात एक अख्खी भाकरी होती.

"तू वाढलं काय हे?"

"मी तर आत्ताच आलो..."

या मेसमध्ये एकतीस वर्षांत तिला कुणी ताट वाढून दिलं नव्हतं. जमनीबाईनं हात सोडवून घेतला आणि ती मांडी घालून बसली.

"तू जाय, भारत. मी उद्या येतो."

तिनं घास मोडला. भाकरी गरम होती, आणि थापताना उमटलेली बोटं तिच्या बोटांहून कितीतरी लांब होती.