रमाकांतरावांचं नाव

बाबांच्या पंच्याहत्तरीला काय द्यायचं, हा प्रश्न अक्षता पेडणेकरला पडलाच नव्हता. डीव्हीडी प्लेअर! लोक हसले तर हसोत. शेजारचा केतनदादा तर हसलाच.

"अगं, ते आता भंगारवालापण घेत नाही. मी फोनवर कॉपी मारून देतो, फुकटात."

मारली असती, पण त्याच्या कम्प्युटरने ती डीव्हीडी वाचलीच नाही. बसा आता!

डीव्हीडी होती चुलतभाऊ मयूरच्या लग्नाची, दादरच्या हॉलमधली. दहावीच्या परीक्षेपायी अक्षता त्या लग्नाला गेली नव्हती. तिच्या आईने, शैलाबाईंनी, जन्मभर 'अहो' आणि 'ऐकलंत का' यांवर संसार केला. नवऱ्याचं नाव म्हणून तोंडातून काढलं नाही. त्या पंगतीत मात्र बायकांनी घेरलं आणि तिला उखाणा घ्यावाच लागला. पुढे आई गेली, मग जुना प्लेअरही गेला. बाबांना तिच्या तोंडून आपलं नाव पुन्हा ऐकायचं होतं. म्हातारा माणूस, दुसरं मागतो तरी काय?

अक्षताने लॅमिंग्टन रोड पालथा घातला. हौसेला मोल नसतं, पण पगाराला तळ असतो ना! शेवटी एका दुकानात तीन प्लेअर समोर आले. चकचकीत होता त्याला बाबांच्या जुन्या टीव्हीची लाल-पिवळी-पांढरी पिन बसेना. स्वस्तातला चालू झाला की थरथरायचा. तिसरा वापरलेला, वजनदार, रिमोटची बटणं चांगली मोठी.

"दिसायला दगड आहे मॅडम, पण ओरखडे पडलेली पण वाचतो," दुकानदार म्हणाला. "सहा महिने माझी गॅरंटी."

अक्षता परळच्या लॅबमध्ये कामाला. रिपोर्ट हातात आल्याशिवाय तिचा कशावर विश्वास बसत नसे. तिने पर्समधून डीव्हीडी काढली. "लावून दाखवा."

पडद्यावर केळीची पानं आली. आई, शेजारी बाबा, त्यांच्या पलीकडे हॉलचा खांब. आई लाजून लाल झालेली.

"पंगतीत वाढली जिलेबी, बाजूला मसालेभात,
रमाकांतरावांचं नाव घेते, मयूरच्या लग्नात."

"आता भावोजी, तुमची पाळी!" बायका ओरडल्या. तसे बाबा उठले आणि पाण्याचा जग उचलून सरळ पळाले. आई हसत सुटली. तिच्या पानातली जिलेबी बघून अक्षताला भरून आलं. लेकीला जिलेबी आवडत नाही म्हणून प्रत्येक लग्नात आई तिच्या पानात गुळाचा खडा वाढून घ्यायची. भर दुकानात डोळे पुसत तिने पैसे दिले.

लालबागच्या खोलीत प्लेअर लागला आणि बाबांचं घर हसायला लागलं. ते रोज दुपारी जेवण झालं की लावायचे.

पुढच्या रविवारी अक्षता आत चहा टाकत होती. बाहेरून आईचा आवाज आला.

"सकाळची गोळी राहिली उशाशी तशीच पडून,
रमाकांतरावांचं नाव घेते, पाणी प्या उठून."

अक्षताचा हात थबकला. बाहेर येऊन तिने उशी उचलली. खाली ब्लडप्रेशरची गोळी होती.

"बाबा, हे काय होतं?"

"रोज नवीन नाव घेता ती," बाबा गोळी गिळत म्हणाले. "माका वाटलां, तुका ठावक आसा."

तिने पुन्हा लावून बघितलं. तीच पंगत, तीच जिलेबी, मयूरच्या लग्नातलं तेच नाव. मला भास झाला म्हणावं, तर गोळी बाबांच्या पोटात गेलेली. आता बोला!

आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. हे मशीन परत करायचं, ठरवूनच ती आली. बघते तर बाबांनी दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि खुर्ची अगदी टीव्हीजवळ ओढलेली.

"कुठे निघालात?"

"गप रव गो. नाव घेता तुझी आवस."

पडद्यावर आई या वेळी लाजत नव्हती. समोर बघत होती, सरळ.

"नाव घेऊन घेऊन दमले माझे ओठ,
रमाकांतराव, आता तुमची पाळी, धरा माझं बोट."

तिने हात पुढे केला.

अक्षताने धावत जाऊन भिंतीतली वायर उपटली. प्लेअरचा दिवा विझला, टीव्हीचाही.

चित्र विझलं नाही.

बाबा उठून उभे राहिले. अक्षताने मागून त्यांचा शर्ट मुठीत धरला. लहानपणी जत्रेत धरायची तसाच.

"बाबा, नका ना जाऊ. मला कोण आहे?"

बाबांनी वळून तिच्याकडे बघितलं. तिच्या मुठीवर हात ठेवला. मग घसा खाकरला. पंगतीतून पळालेला तो माणूस या वेळी पळाला नाही.

"देवापुढे लावला दिवा, फुलं ठेवली ताजी,
शैलाचं नाव घेतो, थांब जरा, लेक नाही राजी."

आईचा हात तसाच राहिला थोडा वेळ. मग तिने तो मागे घेतला, मान हलवली, पदराने डोळे टिपले. आणि पडदा काळा झाला.

बाबा चहा प्यायले, दोन बशा भरून. गोळी आपणहून घेतली.

प्लेअर काही अक्षताने परत केला नाही. धीर करून एकदा तिने डीव्हीडी पुन्हा लावली. आई पूर्वीसारखीच लाजली, मयूरच्या लग्नातलं नाव घेतलं, बाबा जग घेऊन पळाले. सगळं जिथल्या तिथे.

फक्त बाबांच्या रिकाम्या जागेवरचं पान कोणीतरी वाढून ठेवलं होतं. उशिरा येणाऱ्या माणसासाठी ठेवतात तसं, वर दुसरं पान पालथं घालून, झाकून.

त्याच्या पलीकडे आता खांब नव्हता. तिथे आणखी एक पान होतं, तेही झाकलेलं. वरचं पान कोपऱ्यात जरासं सरकलं होतं, आणि तिथून गुळाचा खडा दिसत होता.