भुलीत म्या काय बोलले?

देवाची आण, धरतीची आण, शब्द न् शब्द खरा हाय! खोटं निघालं तर माझे उरलेले दात आत्ता गळू देत!

निजामाच्या राज्यातली गोष्ट. कमठाण्याच्या गुंडेरावाची थोरली बायको राजूबाई पोटातल्या गोळ्यानं तळमळायली, तरीबी बिदरच्या दवाखान्यात खाटंवर उठून बसली न् ओरडली, "मरते, पण भूल घेत न्हाई!"

"कामून ओ अक्का?" धाकटी सवत सुमन रडकुंडीला आली.

कामून? कसं सांगावं! कूस उजवंना म्हणून राजूबाईनंच ही पोरगी पसंत केलेली, स्वतःच्या हातानं हळद लावलेली... गाव म्हणायचं, साक्षात देवी! पण सुमनच्या हातचा विडा धन्याच्या ओठावर रंगला, की त्या देवीच्या काळजात निखारा फुलायचा... तिच्या केसाचा हेवा, चालीचा हेवा, खोकल्याचाबी हेवा! भुलीत जिभेवरचा ताबा सुटून हे सगळं भाईर पडलं, तर एवढ्या वर्सांचा त्याग मातीत!

शेवटी कळ सोसंना. "ही भाईर बसली तर घेते," म्हणून आडवी झाली.

शुद्धीवर आली, तर सुमन उशाशीच! डोळे रडून सुजलेले... म्हंजी ऐकलं हिनं!

"व्हय गं, जळते मी!" राजूबाईचा बांध फुटला. "तुझा विडा त्यांनी थुंकावा वाटतो! तू माहेरी गेलीस, की मांजरा नदी फुगून तुझी वाट अडू दे म्हणून तुळशीला दिवा लावते..."

सुमन बघतच राहिली. "अक्का, तुम्हाला खाटंवर आणलं तवा भुलीत तुम्ही म्हशीला तेवढी हाक मारलीत. दुसरं काय बी न्हाई."

राजूबाईला वाटलं, धरणी दुभंगावी!

"मग मी रडले कामून, ते इचारा की!" सुमननं उशीवर डोकं टेकलं. "पहिलं लेकरू थोरलीच्या ओटीत घालायची आपली रीत... माझं बाळ तुम्हाला आई म्हणतं, मला काकू! भाईर बसून देवाला म्हणत होते, अक्काला वाचव... आन् एकदा, एकदाच मनात आलं, न्हाई वाचल्या, तर मला आई म्हणंल..."

राजूबाईनं तिला छातीशी ओढलं. दोघी हमसून हमसून रडल्या!

"हळू गं, टाके तुटतेल! घरी चल. आजपासून ते तुलाबी आई म्हणंल. एका तोंडाला दोन आया काय जड हैत?" आन् डोळे पुसता पुसता म्हणली, "पण विडा मीच करणार!"

आता खरं सांगू? ती म्हैस म्या घातली. सुमन नुस्तं 'काय बी न्हाई बोललात' म्हणली होती... आन् ते तरी खरं का खोटं, मरेस्तवर तिनं कुणाला कळू दिलं न्हाई.