वाचनालयासमोरचा गतिरोधक कोणी पळवला?

"कधी नव्हताच म्हणे! डोळ्यांवर कातडं ओढलंय का त्या साहेबांनी?"

भिंगरी भर रस्त्यात पाय आपटत होती. चार दिवसांपूर्वी तिचा धाकटा भाऊ टिल्लू सायकलवरून वाचनालयात निघाला आणि फरशांच्या गोदामाच्या भरधाव ट्रकने त्याला उडवलं. पाय मोडला. अख्खी सुट्टी प्लॅस्टरमध्ये! वाचनालयासमोर गतिरोधक होता तेव्हा इथे प्रत्येक ट्रकची गोगलगाय व्हायची. आता तो गायब होता आणि रस्ते खात्याचे साहेब म्हणत होते, तिथे गतिरोधक कधी नव्हताच!

"ए, इकडे बघ!" तिचा मित्र चष्मिस उकिडवा बसला होता. "भोकं! चांगल्या दोन रांगा. आत ताजं डांबर लिंपलंय."

"बोल्टची!" भिंगरी ओरडली. गतिरोधक काळ्या-पिवळ्या रबरी ठोकळ्यांचा होता, बोल्टने रस्त्याला आवळलेला. "कुणाला खुपत होता रे तो?"

"ट्रकवाल्यांना. दुसऱ्या कुणाला?"

दोघं तडक गोदामावर गेले. फाटकातूनच दिसलं. फरशांच्या थप्प्यांना टेकू म्हणून तेच काळे-पिवळे ठोकळे! भिंगरी आत घुसणार, तोच चष्मिसने तिची वेणी धरली.

"भांडलीस तर हाकलून देतील. मी बोलतो."

तो रखवालदाराकडे वळला. "काका, ठोकळे भारी आहेत हो! कुठे मिळतात?"

"मिळतात कुठले! गाडीला दणका बसून फरशा फुटायच्या. आमच्या मालकांनी रस्तेवाल्या साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, काढून न्या. आणले!"

"एखादा तुटका द्याल?"

"ने की. तो बघ कोपऱ्यात पडलाय."

दुसऱ्या दिवशी भिंगरीची आई अर्धी रजा टाकून दोघांना थेट रस्ते खात्याच्या मुख्य अधिकारी बाईंकडे घेऊन गेली. साहेबही तिथेच होते.

"पुन्हा तुम्ही?" साहेब हसले. "सुट्टी आहे, खेळा जा! तिथे गतिरोधक नव्हता."

भिंगरीच्या मुठी आवळल्या, पण आवाज चढला नाही. "मग तेवढं लिहून द्या ना. पुन्हा त्रास देणार नाही."

साहेबांनी दोन ओळी खरडल्या आणि झोकात सही ठोकली.

धप्प! चष्मिसने पिशवीतला ठोकळा टेबलावर आपटला. त्याच्या पाठीवर ठसा होता : रस्ते खाते, वाचनालय मार्ग.

"हा... हा दुसरीकडचा असेल!" साहेबांची बोबडी वळली.

"वाचनालय दुसरीकडे गेलं का साहेब?" भिंगरी कडाडली. "फरशा फुटू नयेत म्हणून माझ्या भावाचा पाय मोडलात! वर खोटं बोलता!"

बाईंनी कागद वाचला, ठसा पाहिला. "हा कागद आता माझ्याकडे राहील," त्या साहेबांना म्हणाल्या. "चौकशी संपेपर्यंत कामावर येऊ नका. पण आधी ते ठोकळे परत आणून बसवून घ्या. आज. स्वतः उभं राहून."

संध्याकाळी शेवटचा बोल्ट आवळला गेला तेव्हा अख्खी गल्ली जमली होती. मुख्य अधिकारी बाईही आल्या.

"शाबास पोरांनो! एवढा राग आला असताना डोकं कसं शांत ठेवलंत?"

"राग अजून आहे, बाई," भिंगरी म्हणाली. "टिल्लूला प्लॅस्टर आहे तोवर राहणार."

बाई म्हणाल्या, "राहू दे. आणि मला सांग, अजून कुठले गतिरोधक गायब आहेत?"

चष्मिसने वही उघडली. यादी तयारच होती.