स्टेजवर आता काय चाललंय

चष्मा फुटला तेव्हा बँड अजून स्टेजवर आलाही नव्हता. दिवे मालवले, सगळं सभागृह एका दमात ओरडलं आणि शेजारच्या माणसाने मोबाइल उंच धरायला हात वर नेला, तो नेमका तिच्या नाकावरून. कोपर लागलं, चष्मा उडाला. पुढचं तिला दिसलं नाही, फक्त ऐकू आलं... कुणाच्या तरी बुटाखाली बारीकसं कुरकुरलं.

"सॉरी हं. तुमचं काही पडलं का?"

"डोळे," ती म्हणाली.

तो खाली वाकला, गर्दीच्या पायांतून चाचपडला आणि चष्म्याची एक काडी आणून त्याने तिच्या तळहातावर ठेवली.

"एवढीच सापडली."

तिने त्या काडीकडे पाहिलं. म्हणजे ती जिथे असावी तिकडे पाहिलं. तिच्या चष्म्याची भिंगं इतकी जाड होती की ती नसली तर स्टेज म्हणजे एक रंगीत धुकं आणि बाजूचा मोठा पडदा म्हणजे नुसता चौकोनी उजेड. दुसरा चष्मा होता, पण तो घरी टेबलाच्या खणात सुखरूप पडला होता.

आणि आजचा शो दौऱ्यातला शेवटचा होता. नुसता शेवटचा असता तरी तिने मन मारलं असतं, पण आजच्यानंतर बँडचा ड्रमर बँड सोडणार होता. कॉलेजात असल्यापासून ती या लोकांची गाणी ऐकत आली होती. सगळ्या मैत्रिणी गायकावर जीव टाकायच्या आणि हिला आवडायचा तो मागे बसणारा, मुलाखतीत एक शब्द न बोलणारा ड्रमर. आजच्या संध्याकाळसाठी तिने दवाखान्यात दोन रविवार जास्तीचे काढले होते. दवाखाना जनावरांचा, ती तिथे नर्स. त्या दोन रविवारांत एका बोक्याने तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत नकाशा काढला होता.

"दादा, मोबाइल वर धर ना, नीट ऐकू येत नाहीये," असं काहीतरी शेजारच्याच्या निसटलेल्या इअरफोनमधून अस्पष्ट ऐकू आलं. त्याने घाईघाईने तो परत कानात कोंबला.

"माझी धाकटी बहीण," त्याने खुलासा केला. "तिकीट तिचंच. तिला परवा कांजिण्या आल्या. मला म्हणाली, तू जा आणि मला फोनवर ऐकव. मला यातलं काही कळत नाही हो. मी आपला हात वर करून उभा."

"ते कळलं मला. नाकाला कळलं."

पहिलं गाणं सुरू झालं. भोवतीचे सगळे नाचायला लागले आणि ती धुक्याकडे तोंड करून उभी राहिली. हुंदका आणि संताप, दोन्ही एकदम वर यायला लागले. त्यातला संताप आधी पोहोचला.

"ऐका," ती त्याच्या कानाशी जाऊन म्हणाली. "माझा चष्मा तुम्ही फोडलात. आता तुम्हीच माझा चष्मा. काय दिसतंय ते सांगत राहायचं."

"बरं." त्याने जरा वेळ पाहिलं. "चार माणसं आहेत."

"ते मला माहीत आहे. करतायत काय?"

"वाजवतायत."

तिने डोळे मिटून घेतले. तसा काही फरक पडत नव्हता.

"नीट बघून सांगा."

"नीट बघून... डावीकडचा एक दिवा सैल बसवलाय. थरथरतोय बघा."

"दिवा?"

"मी लिफ्ट दुरुस्त करतो. वर टांगलेलं काही दिसलं की नजर आधी तिकडेच जाते."

"तिकडे नेऊ नका. गायकाने काय घातलंय?"

"शर्ट."

"कसला?"

"बाह्यांचा."

आजवर तिने चावऱ्या कुत्र्यांना गोळ्या चारल्या होत्या, घुबडाचा पंख बांधला होता, पण तिच्या सहनशक्तीची अशी परीक्षा कुणी पाहिली नव्हती. एकीकडे कान तृप्त होत होते आणि दुसरीकडे हा गृहस्थ तिला सांगत होता, "आता टोपीवाला पाणी पितोय."

"तो पाणी पितोय तर मग गिटार कोण वाजवतंय?"

"केसवाला."

"केस दोन्ही गिटारवाल्यांना आहेत."

"मग ज्याला जास्त आहेत तो... थांबा, बहीण काहीतरी म्हणतेय. ती म्हणतेय त्यांच्यात कुणी टोपी घालतच नाही, मी तुम्हाला फसवतोय. पण आज घातलीय हो, मी काय करू? आणि विचारतेय तुम्ही कोण."

"काय सांगितलंत?"

"ज्यांचा चष्मा फोडला त्या."

"मग ती काय म्हणाली?"

"ते नको. तिला ताप आहे, काहीही बोलते."

तिला हसू आलं. तिने ते गालात दाबून टाकलं, कारण ती रागावलेली होती आणि हे त्याला विसरू द्यायचं नव्हतं. पण मधल्या दोन-तीन गाण्यांत तो जरा सुधारला. केसवाला एका पायावर उड्या मारतो, गायक प्रत्येक कडव्याआधी कानाची पाळी ओढतो, हे त्याने आपणहून सांगितलं. गायकाच्या कानाचं तिला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं. मग तिनेही सांगून टाकलं, आपण खरं तर मागच्या ड्रमवाल्यासाठी आलोय, आजच्यानंतर तो बँड सोडतोय.

मग सगळ्यात शेवटी ते संथ गाणं आलं. ड्रमरने स्वतः लिहिलेलं, या दौऱ्यात एकदाही न वाजवलेलं. पहिल्या दोन स्वरांतच सभागृह गप्प झालं. लोकांनी मोबाइलचे दिवे लावले, आणि तिच्या उघड्या डोळ्यांना ते दिवे ताटाएवढे मोठे, मऊ कडांचे, एकमेकांत विरघळत जाणारे दिसू लागले. हे तेवढं तिचं तिला दिसत होतं.

तो मात्र गप्प होता.

"बोला ना," ती म्हणाली.

"सगळे गायकाकडे बघतायत. पडद्यावरही तोच आहे." त्याचा आवाज उतरला होता. "मी मागे बघतोय. तुमच्या ड्रमवाल्याकडे. त्याला सुरुवातीला वाजवायचं नाहीये वाटतं. काड्या मांडीवर ठेवून बसलाय. बाहीने तोंड पुसतोय. घाम असेल... नाही. घाम नाहीये तो."

तिने त्याची बाही कधी धरली ते तिलाही कळलं नाही.

"आणि?"

"टोपीवाला त्याच्याजवळ जाऊन उभा राहिलाय. लोकांकडे पाठ करून. बोलत नाहीये. नुसता उभा आहे."

"आणि?"

"आता त्याने काड्या उचलल्या. एक खाली पडली... घेतली."

"आणि?"

या वेळी उत्तर यायला वेळ लागला. मग तो तिच्या कानाशी वाकला. "आता इकडे बघतोय. आपल्याच बाजूला."

तिने मोकळा हात उंच केला आणि त्या धुक्याकडे बघून हलवला. लहान मुलं आगगाडीला हात करतात तसा. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते तिने येऊ दिलं. गाणं संपलं, टाळ्या संपल्या, तरी दुसरा हात त्याच्या बाहीवरच होता. तो काढून घ्यावा असं तिच्या मनात आलं... पण बाहेर पडायच्या पायऱ्या तर उतरायच्या होत्याच.

बाहेर पाऊस पडून गेला होता आणि रस्त्यावर दिव्यांचे डाग पडले होते. तिने पत्ता सांगितला, तर तो म्हणाला, "माझं घरही तिकडेच आहे." दोघं चालू लागले.

"पायरी," तो सांगायचा. "डबकं... डावीकडून. समोरून एक काकू कुत्र्याला फिरवायला आणतायत. खरं म्हणजे कुत्रा काकूंना आणतोय."

"आता बरं सांगता येतंय. तिथे काय झालं होतं?"

"तिथे घाबरलो होतो. तुम्ही फार ओरडत होता." जरा वेळाने त्याने विचारलं, "तुम्हाला हाक काय मारायची?"

"दवाखान्यात सगळे सिस्टर म्हणतात."

"मी नाही म्हणणार."

"का?"

"एक घरी आहे. ती पुरे."

अंधारात आपलं हसू दिसत नाहीये ते बरं, असं तिला वाटलं. मग आठवलं की आपल्याला दिसत नाही, त्याला दिसतंय.

दाराशी तिने त्याचा नंबर मागून घेतला. "उद्या पुन्हा संताप आला तर काढू कुणावर?"

संताप खरंच आला. जुना चष्मा चढवून ती सकाळी मोबाइल घेऊन बसली. स्टेजच्या अगदी पुढे उभ्या असलेल्या कुणीतरी ते संथ गाणं अथपासून इतिपर्यंत टिपलं होतं. बाहीने पुसलेलं तोंड होतं. पाठ करून उभा राहिलेला टोपीवाला होता, टोपीसकट. पडलेली काडी होती. पण ड्रमरने गाणं संपेपर्यंत मान वर केली नव्हती. इकडे नाही की तिकडे नाही. तिने पुन्हा पाहिलं. मग आपण हात हलवला होता ते आठवलं आणि ती कानापर्यंत लाल झाली. तिने फोन लावला.

"जेवणाच्या सुट्टीत दवाखान्यात या."

"माझ्याकडे जनावर नाहीये."

"तुम्ही आहात तेवढे पुरे."

तो आला. बाह्यांना ग्रीस, हातात पिशवी. तिने मनात त्याला उंच आणि मिशीवाला करून ठेवलं होतं. होता मध्यम उंचीचा, बाहेर आलेल्या कानांचा, आणि दारातच पाय पुसत राहिला. त्याचा चेहरा पहिल्यांदाच दिसत असताना रागावून राहणं तिला जड जायला लागलं. बाकावर एक आजोबा मांडीवर मांजराची टोपली घेऊन बसले होते. तिने आवाज खाली आणला.

"तो आपल्या बाजूला बघत नव्हता."

कोण, असं त्याने विचारलं नाही. "नव्हता."

"मी हात हलवला. एवढ्या लोकांत, वेड्यासारखा."

"हो. बघत होतो मी."

"मग खोटं का सांगितलंत?"

त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "तुम्ही तिसऱ्यांदा 'आणि?' म्हणालात तेव्हा मी स्टेजकडे बघतच नव्हतो. तुमच्याकडे बघत होतो. काय सांगू तेव्हा? या बाजूला कुणीतरी बघत होतं, एवढं तर खरं होतं. मी फक्त... माणूस बदलला."

आजोबांनी टोपलीचं झाकण उगाच उघडून पाहिलं आणि पुन्हा लावलं.

सकाळपासून घोकलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं. "अजून काय खोटं सांगितलंत?" एवढंच तिला जमलं.

"माझं घर तुमच्या बाजूला नाही. दुसऱ्या टोकाला आहे."

"म्हणजे काल तुम्ही तेवढं सगळं..."

"चालत. बस गेली होती."

"अहो, मग सांगायचं नाही का?" ती इतक्या वैतागाने म्हणाली की आतून डॉक्टरबाईंनी हाक मारली, "सिस्टर, कोण आहे?"

"कोणी नाही, मॅडम," ती म्हणाली. मग म्हणाली, "माझ्याकडे आलेत."

तिने आजोबांच्या मांडीवरची टोपली उचलली, आतल्या दारापर्यंत गेली आणि वळली. तो अजून पाय पुसायच्या चटईवरच उभा होता.

"सहा वाजता सुटते मी. दाराशीच थांबा. आणि या वेळी घराचा पत्ता खरा सांगा, मी तुम्हाला सोडायला येणार आहे."

"लांब आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि टोपलीतल्या मांजराला घेऊन आत गेली.